पहिली बाटली, दुसरी बाटली

डॉक्टरबाईंनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. तपकिरी काचेच्या, बुचाच्या, अगदी जुळ्या. एकीवर चिकटवलेल्या कागदावर एकचा आकडा, दुसरीवर दोनचा.

"सुभद्राबाई, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "एका बाटलीत औषध आहे. दुसरीत नुसती दुधाची साखर. गोळ्या दिसायला सारख्या, चवीलाही सारख्या. कुठल्या बाटलीत काय, ते मलासुद्धा ठाऊक नाही. खाली औषधांच्या खिडकीवर एक बंद पाकीट आहे, त्यात लिहिलंय. चार आठवडे पहिली द्यायची, मग चार आठवडे दुसरी. सकाळी एक, दुपारी एक. संध्याकाळी नाही, झोप उडेल."

"मग खोटी द्यायचीच कशाला?" मी विचारलं.

"डोक्याचा मार काही अंशी आपोआपही भरून येतो. औषधाने किती आला ते कळायला नको?"

माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर माझी सुमती. दीड वर्षाची पोर, बाटलीच्या बुचाकडे हात करत होती. पलीकडच्या खुर्चीवर हे. हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे.

जानेवारीत चळवळीच्या मोर्च्यावर गोळ्या सुटून लालबागला पळापळ झाली, त्या दिवशी हे मोर्च्यात नव्हते. सुमतीला ताप होता, म्हणून औषध आणायला खाली उतरले होते. गर्दीचा लोट आला, कोणाचा धक्का लागला, आणि फुटपाथच्या कडेवर डोकं आपटलं. नऊ दिवस शुद्ध नव्हती. दहाव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा, चळवळीत जखमी झाले म्हणून, चाळीतले लोक हार घेऊन आले. समितीच्या मंडळींनी पुढे उन्हाळ्यात शिवाजी पार्कच्या सभेत ह्यांना स्टेजवर बसवलं. लोक टाळ्या वाजवत होते. हे मध्येच शेजारी बसलेल्या माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "कोणाचं गो लगीन?"

मी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की रडू, ते मला तेव्हाही कळलं नाही.

हे गिरणीत भरणीचं काम करायचे. मागावर जायच्या आधी प्रत्येक तार चौकटीतल्या एकेका बारीक डोळ्यातून ओवून घ्यावी लागते, ते काम. चौकटीच्या एका बाजूला बसलेला माणूस एकेक तार पुढे करतो, दुसऱ्या बाजूचा पितळी आकडीने ती डोळ्यातून ओढतो. देणारा आणि भरणारा. देणाऱ्याने तार चुकवली नाही की झालं. भरणाऱ्याला मात्र क्रम ठेवावा लागतो, पहिली चौकट, तिसरी, दुसरी, चौथी, आणि लुगड्याच्या काठाची नक्षी असली तर त्याहून अवघड. एक तार चुकीच्या डोळ्यात गेली तर ती चूक कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. हे भरणारे. नक्षीचा कागद एकदा बघायचे आणि घडी करून खिशात ठेवायचे. ह्यांच्या समोर तार द्यायला लवू बसायचा. आमच्याच गावचा, चाळीत दोन खोल्या सोडून राहणारा. नऊ वर्षं दोघं चौकटीच्या दोन बाजूंना.

आता ह्यांना 'वाण्याकडून मीठ आण' म्हटलं तर जिन्याखाली जाऊन उभे राहायचे. बोलणं स्वच्छ, चालणं ठीक, अंगात ताकद होती. फक्त डोक्यात एकापुढे दुसरं राहत नव्हतं.

डॉक्टरबाईंचं नाव सरोजिनी विजयकर. गिरगावातल्या जुन्या घरातल्या, बोलणं पुस्तकासारखं. पहिल्या दिवशी त्यांनी ह्यांना एक कागद पुढे ठेवून प्रश्न विचारले होते. आज वार कोणता, वीसपासून उलटं मोजा, गावाचं नाव. मग विचारलं, "बायकोचं नाव काय?"

ह्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि गप्प बसले. डॉक्टरबाईंनी शून्य लिहिलं.

"बाई, ते शून्य खोडा," मी म्हटलं. "आमच्यात थोरांपुढे नाव घेत नाहीत. ते विसरले नाहीत, लाजले."

डॉक्टरबाईंनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. ह्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी शून्य खोडलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आधी मलाच तुमच्याकडच्या रीती शिकायला हव्यात."

त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आता त्यांनी मला एक कोरी वही दिली. रोज एकाच वेळी तीन गोष्टी करून घ्यायच्या आणि काय झालं ते लिहायचं. वाण्याकडून तीन जिन्नस आणायला सांगायचं, चिठ्ठी न देता. वीसपासून उलटं मोजायला लावायचं. आणि तिसरी गोष्ट लवूने सुचवली: त्याने गिरणीतल्या भरणीच्या खात्यातून मोडक्या चौकटीचा एक तुकडा आणला, त्यात चाळीस डोळे शाबूत होते. त्यातून ह्यांनी क्रमाने दोरा ओवायचा.

"हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही," डॉक्टरबाईंनी निघताना सांगितलं. "परदेशातून येतं, थोडंच आहे. ज्याला लागू पडलेलं दिसेल त्याला हॉस्पिटल पुढे वर्षभर देईल. गिरणीलाही मी तसं पत्र लिहीन. पण ते तुमच्या वहीवरून ठरेल. घरात चोवीस तास मी नसते."

गिरणीत कामगार लावणाऱ्या दत्ताराम जॉबरने ह्यांची जागा तात्पुरत्या बदलीवाल्यावर चालवली होती. "वयनी, दसऱ्यापर्यंत धरतो," तो म्हणाला होता. "त्याच्यापुढे माझ्या हातात नाय. साहेब विचारतो, तुमचा माणूस भरणार कधी? मी काय सांगू, सभेत बसलाय?"

म्हणजे सगळं त्या वहीवर आलं.

आषाढ संपता संपता पहिली बाटली उघडली. आमच्याकडे खाणावळीचे सहा जण जेवायला असत, पहिल्या पाळीचे डबे सकाळी जायचे. त्या घाईत गोळी देणं माझ्याच्याने झालं नसतं. बाटल्या सासूबाईंनी देवाच्या फळीवर ठेवल्या, सुमतीचा हात पोचू नये म्हणून. देवाला फूल वाहिलं की त्या गोळी काढायच्या आणि पाण्याच्या भांड्याबरोबर ह्यांच्या हातात द्यायच्या. हे ती तीर्थ घेतात तशी, डाव्या हाताचा आधार देऊन घ्यायचे.

दुपारी जेवणारे उठले, सुमती झोपली, की माझा एक तास. मी भिंतीला पाठ लावून वही मांडीवर घ्यायचे. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले होते, अक्षर बरं होतं, पण इतकं महत्त्वाचं कधी काही लिहिलं नव्हतं. पेन्सिलीला टोक करून घ्यायचे. आधी ह्यांच्याकडे बघत बसायचे. हे खिडकीशी चौकटीचा तुकडा घेऊन बसलेले, दोरा तोंडात ओला करणारे. मग लिहायचे.

पहिल्या आठवड्यात मला काही फरक वाटला नाही. दुसऱ्या आठवड्यात हे तिन्ही जिन्नस घेऊन आले. मीठ, काडेपेटी, हळद. मी चुलीपुढून उठले, ह्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि तशीच उभी राहिले. त्या दिवशी मी वहीत अर्धं पान भरलं. तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी सुमतीच्या झबल्याची नाडी बांधली. डॉक्टरबाईंनी नाडीचं काही सांगितलं नव्हतं, पण मी लिहिलं. माझी खात्री होत चालली होती की पहिलीच बाटली खरी.

म्हणून दुसरी बाटली उघडायचा दिवस मला नकोसा झाला. "चार आठवडे झाले," मी सासूबाईंना म्हटलं, "आता दुसरी." त्यांनी फळीवरून दुसरी काढली. त्या आठवड्यात हे जिन्याखाली उभे राहिलेले लवूने पाहिले आणि वर घेऊन आला. मी लिहिलं: गुण उतरू लागला. पुढच्या आठवड्यात लिहिलं: डोळ्यांतलं तेज हरपलं. चौथ्या आठवड्यापर्यंत मी दिवस मोजत होते. कधी ह्या खोट्या गोळ्या संपतात, आणि कधी मी डॉक्टरबाईंना सांगते की पहिली द्या, वर्षभर पहिलीच द्या.

पितृपक्ष लागला होता. बाटलीत सहा गोळ्या उरल्या. दुपारची वेळ. मी वही बंद केली आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, तीन दिवस राहिले. मग पहिलीतल्या गोळ्या परत मिळतील ह्यांना. खरी पहिलीच होती. वहीत लख्ख दिसतंय."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप हलवायचं न थांबवता त्या म्हणाल्या, "खयची पयली नि खयची दुसरी?"

"म्हणजे?"

"दोनी एकच आसत गो. मिया त्याच दिवशी सुपात घालून एकत्र केलंय नि परत भरून ठेवलंय."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. "ती डाक्तरीण म्हणाली, एक खरी नि एक खोटी. मगे माज्या झिलाक म्हयनोभर खोटा औषध घालू? तांदळाचा मी काय करतंय? गावचो उकडो नि रेशनचो जाडो मिसळतंय मां? चार दिस बरो नि चार दिस वायट असा नको, म्हणान. तसाच केलंय. सगळ्या दिसांक थोडा थोडा खरा गेला."

त्यांच्या चेहऱ्यावर चूक केल्याची खूण नव्हती. आईने जे करावं ते त्यांनी केलं होतं. मी रागावणार होते, पण त्याआधी दुसरंच काही माझ्या लक्षात आलं.

दोन्ही महिने सारखे होते. मग माझ्या वहीत ते वेगळे कसे?

मी वही पुन्हा उघडली. पहिल्या पानापासून, एकेक ओळ.

पहिल्या महिन्यात, बाराव्या दिवशी: 'जिन्नस आणले नाहीत. आज दमले होते, रात्री सुमती रडत होती.' सोळाव्या दिवशी: 'वीसपासून अकरापर्यंत मोजले, पुढे थांबले. बाहेर बँडवाले होते, लक्ष गेले.' विसाव्या दिवशी: 'चाळीसपैकी अकरा डोळे चुकले. उजेड कमी होता.' उजेड कमी कसा असेल? दुपारी दोनला खिडकीशी बसलेले असायचे.

आणि दुसऱ्या महिन्यात: 'तिन्ही जिन्नस आणले. वाणी ओळखीचा, त्यानेच आठवण केली असेल.' 'चाळीसपैकी चारच चुकले. योगायोग.' गणपतीत ह्यांनी झांजा वाजवत सगळ्या आरत्या न अडखळता म्हटल्या होत्या, एकामागून एक, आणि चाळीतले लोक बघत राहिले होते. मी काय लिहिलं होतं? 'आरत्या काय, तोंडपाठच असतात.'

एक अक्षरही मी खोटं लिहिलं नव्हतं. तरी सबंध वहीत मी ह्यांना पाहिलंच नव्हतं, बाटलीवरचा आकडा पाहिला होता.

हे खिडकीशी दोरा ओवत होते. ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी उठून ह्यांच्या बाजूला जाऊन बसले. ह्यांनी थोडं सरकून मला जागा दिली.

पुढचे तीन दिवस माझ्या मनात एकच. वही तशीच दिली तर? पाकिटात पहिलीच खरी निघाली, तर डॉक्टरबाईंना ती लागू पडल्याचं लख्ख दिसेल. वर्षभराचं औषध मिळेल, गिरणीला पत्र जाईल, दसऱ्याच्या आत जागा राहील. सुपाची गोष्ट आम्हा दोघींशिवाय कोणाला माहीत नाही, आणि सासूबाई तर ती कोणाला सांगण्यासारखी गोष्टच मानत नव्हत्या. पण औषधाचा गुण नसेल तर त्या पत्रावर हे जाऊन चौकटीसमोर बसतील, आकडी हातात घेतील, आणि क्रम येणार नाही. सगळ्या खात्यासमोर. आणि त्या बाटल्या दुसऱ्या कोणाच्या घरी जायच्या असतील, जिथे त्या खरंच लागू पडतात, त्या माणसाचं काय? तिथेही कोणी बाई पेन्सिलीला टोक करून बसली असेल.

आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो, डॉक्टरबाईंनी वही चाळली. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा उजळला. "इतकी नीट वही मला अजून कोणी दिली नाही," त्या म्हणाल्या. "फरक तर स्पष्ट दिसतोय." त्यांनी खालचं पाकीट आणायला सांगितलं आणि पत्राचा कागद पुढे ओढला.

"बाई, लिहू नका," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. सूप, तांदूळ, अकरा डोळे, आरत्या. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तिका बोल लावू नको. मिया केलंय."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत. थकल्यासारख्या दिसल्या. "सुभद्राबाई, म्हणजे ही वही मला औषधाविषयी काहीच सांगू शकत नाही."

"नाही."

"पत्रही देता येणार नाही, औषध लागू पडलं म्हणून."

"ठाऊक आहे."

मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "गुणाजी, तुम्हाला काय वाटतं? तुमच्या डोक्यात काय होतं ते मला सांगा."

ह्यांनी विचार केला. आम्ही सगळ्यांनी थांबून ऐकलं. आठ महिन्यांत ह्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

"तार हातात येते," हे म्हणाले. "कुठली ती पण कळते. बोटांना कळते. पण डोळा कुठला, ते मागचा डोळा आठवला तर कळणार ना? मागचा राहत नाही." मग म्हणाले, "देणाऱ्याला मागचा लागत नाही."

डॉक्टरबाईंना त्यातलं किती समजलं ठाऊक नाही. मला समजलं. मी त्यांना देणारा आणि भरणारा समजावून सांगितला. त्यांनी चष्मा घातला आणि पत्र लिहिलंच, पण वेगळं. चारच ओळी होत्या: 'तार ओळखतो. एकेक तार देऊ शकतो. क्रम लक्षात राहत नाही. एकट्याने काम देऊ नये.' औषधाचं त्यात नाव नव्हतं.

"कार्तिकात नव्या बाटल्या येतील," त्या म्हणाल्या. "इच्छा असेल तर पहिल्यापासून सुरू करू. मिळेलच असं आज सांगत नाही."

"करू," मी म्हटलं. "पण वही मी लिहिणार नाही."



दत्तारामने पत्र दोनदा वाचलं. "वयनी, नऊ वर्षं भरणारा माणूस देणाऱ्याच्या जागेवर? पगार उतरणार, लोक बोलणार."

"बोलू देत," मी म्हटलं.

"आणि भरणार कोण?"

दारात लवू उभा होता. नऊ वर्षं समोरून बघत आल्यामुळे क्रम त्याला येत होता, पण गुणाजीच्या जागेवर बसायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. "मी नाय बसणार," तो म्हणाला. "माणसांनी काय म्हणावं मला?"

दसऱ्याला सासूबाईंनी ह्यांची पितळी आकडी चिंचेने घासून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. लवू सोनं द्यायला आला. ह्यांनी आपट्याची पानं घेतली, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग पाटावरची आकडी उचलून त्याच्या हातात दिली. फूल तिला चिकटलं होतं, ते काढलं नाही.

"तू भर," हे म्हणाले. "मी देतो. लवकर लवकर मागू नको फक्त."

लवू खाली बसला आणि मान वर करीना. सासूबाई आत गेल्या. सुमती झेंडूच्या पाकळ्या वेचत होती.

कार्तिकात बाटल्या आल्या. या खेपेला मी दोन्ही लवूच्या खोलीत ठेवल्या. तो रोज दोन गोळ्या देतो, सकाळची घरी, दुपारची खात्यात. सासूबाई त्याला तरी विचारतातच, "मिसळूची नाय मां?" आणि तो म्हणतो, "काकी, हात नका लावू हां, मी गरीब माणूस." वहीही त्याच्याकडेच. त्याचं अक्षर वाकडं, शब्द मोजके. रविवारी तो मला वाचायला देतो.

काल दुपारी आणली. पहिल्या आठवड्यातली पानं. 'सोमवार. साडेपाचशे तारी दिल्या. दोनदा थांबला. एकदा दोन तारी एकत्र आल्या. मी सांगितल्यावर हसला.' मंगळवार. बुधवार. गुरुवारी: 'तीनशेच. बाराच्या भोंग्यानंतर बसून राहिला. कुठे आहोत विचारलं.'

त्या ओळीपुढे जागा रिकामी होती. बुधवारी सुमतीला खोकला होता, हे रात्रभर तिला घेऊन येरझाऱ्या घालत होते. दमले असणार. पेन्सिल वहीतच ठेवलेली होती, दोऱ्याने बांधून. मी ती हातात घेतली.

मग सोडून दिली. वही मिटून लवूला परत केली, आणि खिडकीशी गेले. हे सुमतीला चौकटीच्या तुकड्यासमोर बसवून एकेक दोरा पुढे करत होते. ती तो हवा त्या डोळ्यात घालत होती.